लातूरला आलेली लाइफ जॅकेटं

शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम काही वर्षं केलं की घरात दोन गोष्टी साठत जातात. उरलेले चार्ट पेपर आणि किस्से. चार्ट पेपर शेजारच्या पोरांना प्रोजेक्टसाठी देऊन टाकता येतात. किस्से कुठं देणार? ते आपल्यापाशीच राहतात, आणि चार माणसं चहाला जमली की एकमेकांना ढकलत बाहेर येतात. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागं दुसरा उभाच.

माझ्याकडं सगळ्यात जास्त किस्से जमले ते समुद्राच्या ट्रेनिंगचे. आता तुम्ही म्हणाल, बाई राहते नांदेडला, हिंडते नांदेड-लातूरच्या झेडपी शाळांतून, हिचा आणि समुद्राचा संबंध काय? हाच प्रश्न आम्हाला पैसे देणाऱ्यांनीही विचारला होता. तिथूनच सुरुवात करते.

*

आमची संस्था लहान. नांदेडात दोन खोल्यांचं ऑफिस, एक प्रिंटर, आणि त्या प्रिंटरखाली एक हलणारं टेबल. प्रमुख आमचे देशमुख सर. इंजिनिअरिंग कॉलेजात जन्म घालवला आणि रिटायर झाल्यावर गप्प बसवेना म्हणून झेडपीच्या शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवायला लागले.

एका सकाळी सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. एकदम म्हणाले, "ताई, समुद्र किती लांब आहे आपल्यापासून?"

"कोणता?"

"कोणताही."

"जवळचा असा कोणताच नाही, सर."

"बरंय मग," म्हणाले आणि अर्ज भरायला बसले.

अर्ज होता एका मोठ्या निधीचा. किनारपट्टीवरच्या गावांतल्या शिक्षकांना विज्ञान, गणित आणि पर्यावरणाचं ट्रेनिंग द्यायला तो निधी होता. मला वाटलं उन्हानं सरांना काहीतरी झालंय. पण काही दिवसांनी मुंबईहून मेनन मॅडमचा फोन आला. निधी कुणाला द्यायचा हे या बाई ठरवणार. मराठी अगदी जपून, पाय उचलून टाकल्यासारखं बोलायच्या.

"सर, तुमचा अर्ज छान आहे. पण तुमच्याकडे किनारा कुठे आहे?"

"मॅडम, समुद्र भरतो कशानं?" सरांनी विचारलं.

उत्तराला न थांबता सरच सांगायला लागले.

"रेणापूरला पडलेला पाऊस रेणा नदीत जातो. रेणा मांजरेत, मांजरा गोदावरीत, अन् गोदावरी तुमच्या समुद्रात. तुम्ही खालच्या शिक्षकांना शिकवणार, पाणी घाण करू नका. घाण तर वरून आम्ही करून राहिलो. मग आम्हाला कोण शिकवणार?"

मेनन मॅडम म्हणाल्या, एक वर्ष करून बघू. वर्षाच्या शेवटी त्या स्वतः शाळा बघायला येणार. त्यांना पटलं तर दुसरं वर्ष मिळणार, आणि दुसऱ्या वर्षात शिक्षकांना गोदावरी समुद्राला मिळते तिथं नेणार. नोकरीत असलेल्या शिक्षकांनाच, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

*

पहिल्या बैठकीला सगळे शिक्षक जमले आणि सरांनी ही सहलीची गोष्ट सांगितली. टाळ्या वगैरे झाल्या. मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. पांढरी साडी, निळी किनार, चष्मा दोरीला बांधलेला. या गायकवाड मॅडम. रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला शिकवायच्या.

"सर, ती सहल कधी निघंल?"

"मंजुरी वेळेत आली तर पुढच्या दिवाळीच्या आसपास."

"मी पुढच्या डिसेंबरअखेर रिटायर होते," एवढं म्हणून त्या खाली बसल्या.

चहाच्या वेळी मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, मॅडम, समुद्र बघितला नाही का कधी? त्या म्हणाल्या, नाही. मला जरा नवल वाटलं. त्यांच्या घरची माणसं सहा डिसेंबरला दादरला जात असणार, आणि चैत्यभूमीला गेलेला माणूस समुद्र बघितल्याशिवाय कसा येईल?

"मालक जायचे की दर साली," मॅडम म्हणाल्या. "माझं राहूनच गेलं. आधी लेकरं लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग तेव्हाच्या शाळेत मी एकटीच. कुलूप कोण उघडंल? मालक आले की मी विचारायची, समुद्र कसा हाय हो? तर म्हणायचे, गर्दी लई व्हती."

मी हसले, त्याही हसल्या. मग बशीतला चहा पीत म्हणाल्या, "आता मालक बी न्हाईत. एकटीनं कुठं जावं? पण ताई, भरती-ओहोटी मी नोकरी लागल्यापासून शिकवते. एकदा डोळ्यानं बघून शिकवावं वाटतं. एक तास का व्हईना."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात दुसऱ्या वर्षाची मंजुरी म्हटलं की कुणाला पैसे आठवायचे नाहीत. गायकवाड मॅडम आठवायच्या.

*

ट्रेनिंगचं साहित्य ट्रान्सपोर्टनं आलं. मोठमोठी खोकी. निधीवाल्यांनी सगळ्या संस्थांना एकसारखंच साहित्य पाठवलं होतं, मग ती संस्था समुद्रकाठची असो की आमची. लातूरच्या हॉलमध्ये शिक्षकांसमोर खोकी फोडली. भिंगं निघाली, माती तपासायचं किट निघालं, पाण्यातला खार मोजायचं मीटर निघालं, खेकड्यांचं पोस्टर निघालं. आणि मग तळातून निघाली केशरी रंगाची लाइफ जॅकेटं. प्रत्येकाला एक.

सय्यद सर लातूर शहराजवळच्या शाळेवरचे. गणिताचा माणूस, बोलणं मोजून. त्यांनी जॅकेट उचललं, उलटंपालटं केलं, नाडी ओढून बघितली.

"ताई, हे कशासाठी?"

"पाण्यात बुडू नये म्हणून, सर."

"लातूरात?"

"हो."

त्यांनी जॅकेट घडी घालून जागेवर ठेवलं. "अल्लाह खैर करे. आधी बुडायची सोय करा, मग हे द्या."

हॉल असा हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. पण निधीचा नियम होता, साहित्य वापरल्याचे फोटो पाठवायचे. मग सय्यद सरांनीच वाट काढली. शाळेच्या हौदात एक वीट सोडली, ती गेली तळाला. तीच वीट जॅकेटात बांधून सोडली, ती तरंगली. पोरांनी दिवसभर विटा बांधल्या आणि सोडल्या. तरंगणं आणि बुडणं हा धडा त्या शाळेत इतका पक्का झाला की विचारू नका. फोटो मुंबईला गेले. मेनन मॅडमचा उलट मेसेज आला, "फोटोमध्ये मुलं कुठे आहेत? जॅकेटमध्ये वीट का आहे?"

त्याच खोक्यात एक पुस्तिका होती. भरती-ओहोटीचं वेळापत्रक. कोणत्या तारखेला समुद्र किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार, सगळे आकडे.

"हे तर रेल्वेचं टाइमटेबल दिसतंय," सय्यद सर म्हणाले. "दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते."

"अन् लेट व्हत न्हाई," गायकवाड मॅडम म्हणाल्या.

त्या पुस्तिकेचं नांदेडात काय करायचं हे कुणालाच कळेना. देशमुख सरांनी ती प्रिंटरच्या टेबलाच्या आखूड पायाखाली ठेवली. टेबल हलायचं जवळपास थांबलं.

*

खार मोजायच्या मीटरनं मात्र कहर केला. समुद्राच्या पाण्यात किती मीठ असतं ते मोजायचं यंत्र. ते आमच्या शिक्षकांच्या हातात पडल्यावर त्यांनी जे जे पातळ दिसेल ते ते मोजलं. नळाचं पाणी, बोअरचं पाणी, ताक, शाळेच्या खिचडीचं पाणी.

धर्माबादचे चिंतावार सर तर मीटर घरी घेऊन गेले. घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही, असा तिकडचा माणूस. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय काय मोजलं?

"बायकोनं केलेलं वरण."

"किती आला आकडा?"

"आकडा सांगत न्हाई ताई. मला त्याच घरी राहायचंय."

गायकवाड मॅडमनी ते मीटर पोरींच्या हाती दिलं. पोरी गावभर हिंडल्या, एकेका बोअरचं पाणी मोजलं, शाळेच्या भिंतीवर खडूनं आलेख काढला. एका वस्तीवरच्या बोअरची रेघ बाकीच्यांच्या डोक्यावरून गेली होती. मॅडम पोरींना घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या. सरपंचांनी आलेखाचा फोटो बघितला आणि म्हणाले, "आता हे शाळेत शिकवायलेत व्हय?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "हे वस्तीवर पिऊन राहिलेत. शाळेत फकस्त मोजतेत."

त्या वस्तीवर पुढं टँकर सुरू झाला. हा किस्सा ऐकून कुणी फारसं हसत नाही, पण मी सांगायचं सोडत नाही.

*

आठवड्यातून एकदा ऑनलाइन तास असायचा. समुद्रकाठचे एक तज्ज्ञ बोलायचे. माणूस भला, पण समोर कोण बसलंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच तासाला म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी आपल्या जवळच्या किनाऱ्यावर जा आणि खेकड्यांची बिळं मोजून या."

सय्यद सरांनी माइक उघडला. "सर, आमच्याकडं खेकडा बांधावर निघतो. अन् मोजायच्या आधी माणसं खाऊन टाकतात."

तज्ज्ञ म्हणाले, "हे फार महत्त्वाचं निरीक्षण आहे," आणि लिहून घेतलं.

पुढच्या एका तासाला गोदावरीच्या मुखाजवळच्या शाळेतल्या सत्यवती मॅडम आल्या. मच्छीमारांचं गाव त्यांचं. बोलणं सगळं तेलुगू. आमच्याकडून चिंतावार सर दुभाष्या. आधी छान चाललं होतं. त्या दोन वाक्यं बोलायच्या, सर मराठीत सांगायचे. मग त्या बराच वेळ बोलल्या. हातानं काहीतरी ओढल्यासारखं दाखवत होत्या. त्या थांबल्या तरी चिंतावार सर बोलेनात.

"काय म्हणाल्या सर?" मी विचारलं.

सर सांगायला लागले. "म्हणायल्या, पूर आला की त्यांच्या जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त येतंय. पिशवीला गाठ मारलेली, आत वाळलेली फुलं, हळदीकुंकू. म्हणायल्या, वरून पाणी पाठवता, लई उपकार हायत. बाकीचं तेवढं तुमच्यापाशीच ठिवून घ्या."

त्या दिवशी तास लवकर संपला. मला खरंच लाज वाटली. आमच्या घरचं निर्माल्यही पुलावरूनच जायचं, पिशवीसकट.

पुढच्या रविवारी चिंतावार सर सासूबाईंना घेऊन निघाले होते. गाडी गोदावरीच्या पुलावर आली. सासूबाईंनी सवयीनं पिशवी काढली, कपाळाला लावली आणि काच खाली केली. सरांनी गाडी थांबवली.

"अत्तम्मा, पिशवी टाकू नका."

"का? गंगेला देऊन राहिले."

"गंगा घेत न्हाई. ती सत्यवती मॅडमकडं नेऊन देते. अन् त्यांच्याकडं माझा नंबर हाय."

सासूबाईंनी काच वर केली. सरांच्या अंगणात आता निर्माल्याचा खड्डा आहे. त्यातल्या खतावर आलेल्या कढीपत्त्याच्या जुड्या सासूबाई सगळ्या गल्लीला वाटतात.

*

वर्ष सरत आलं आणि मेनन मॅडम येणार असं ठरलं. कुठली शाळा दाखवायची? देशमुख सर म्हणाले, रेणापूरची. गायकवाड मॅडमचा तास दाखवू. आदल्या दिवशी सरांनी मॅडमना बजावलं, "समुद्र बघितलाय का असं कुणी विचारलंच, तर विषय बदला."

"कोणत्या विषयावर बदलू?"

"कोणत्याही. भूमिती घ्या."

मेनन मॅडम मागच्या बाकावर पोरींशेजारी बसल्या. आम्ही दाराशी. गायकवाड मॅडमनी टेबलावर घरची परात ठेवली. एका बाजूला वाळूचा उतार केला, तो किनारा. पाणी ओतलं, तो समुद्र. एका पोराच्या हातात ज्वारीची भाकरी दिली, तो चंद्र. भाकरी इकडून तिकडं सरकली तशी मॅडमनी परात हळूच कलती केली. पाणी वाळूवर चढलं. परत कलती केली, वाळू उघडी पडली.

"ही भरती. अन् ही ओहोटी. पाणी जातं, अन् परत येतं."

तिसऱ्या बाकावरच्या राणीनं हात वर केला. लहानखुरी पोरगी, त्याच टँकरच्या वस्तीवरची.

"मॅडम, गेलेलं पाणी परत येतंच कशावरून? आमच्या घरचं बोअर गेलं, ते आलंच न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येक पोराला गेलेलं बोअर म्हणजे काय ते ठाऊक होतं. मॅडमनी परात खाली ठेवली.

"बोअरचं मला सांगता येत न्हाई, बाळा. समुद्राचं येतं. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय."

"तुम्ही बघितलंय का?"

दाराशी देशमुख सरांनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, भूमिती, मॅडम, भूमिती.

"न्हाई," गायकवाड मॅडम म्हणाल्या. "बघून येते अन् तुला सांगते."

तास सुटल्यावर मेनन मॅडम त्यांच्यापाशी गेल्या. आवाज कडक नव्हता, पण प्रश्न सरळ होता. "समुद्र न पाहता तुम्ही इतकी वर्षं समुद्र शिकवता?"

"हाव मॅडम. चंद्रावर तरी कुठं गेलेय? तो बी शिकवतेच की."

मेनन मॅडमनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. गाडीत लातूर जवळ आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "त्या मुलीच्या घरचं बोअर खरंच आटलंय?"

"हो," मी म्हटलं.

*

मंजुरी मिळणार असं कळलं. पण मिळणार आणि मिळाली यात फार मोठं अंतर असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जून गेला. दुसऱ्या वर्षाच्या साहित्याची खोकी आली, पण सहलीचा कागद येईना. त्यांची बैठक पुढं ढकलली, मग आणखी पुढं. खोक्यात भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाची नवी पुस्तिका होती, येत्या डिसेंबरचेही आकडे असलेली. सरांनी तीही टेबलाखाली जुन्या पुस्तिकेवर ठेवली. टेबल आता हलायचं पुरतं बंद झालं.

गायकवाड मॅडमचा फोन यायचा. "काही खबर?"

"अजून नाही, मॅडम."

"व्हईल. व्हईल."

दिवाळी गेली. एकदा त्या म्हणाल्या, "ताई, माझं न्हाई जमलं तर माझ्या जागी ज्या बाई येतील त्यांना न्या. अन् त्यांना म्हणावं, राणीला तेवढं सांगा." फोन ठेवल्यावर मला कशातच लक्ष लागेना. सरांनी त्या दिवशी मेनन मॅडमना फोन लावला. मला बाहेर जायला सांगितलं, म्हणजे चांगलंच बोलले असणार.

डिसेंबर लागला आणि कागद आला. मॅडमच्या नोकरीचे शेवटचे दिवस उरले होते. शाळांना सुट्टी नव्हती, त्यामुळं सगळा प्रवास घाईचा. रेल्वेनं आंध्रातलं राजमहेंद्री, तिथून गाडी करून समुद्र, दुपारी सत्यवती मॅडमच्या शाळेत पोरांचा कार्यक्रम, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एक दिवस. त्यात समुद्राला मिळत होता एक तास.

*

आता हा शेवटचा.

राजमहेंद्रीला उतरलो तेव्हा सत्यवती मॅडमचा निरोप होता, आधी शाळेत या, मग मी समुद्रावर घेऊन जाते. पण गाडीत कुणाला धीर निघेना. चिंतावार सरांनी ड्रायव्हरला तेलुगूत सांगितलं, शाळा नंतर, आधी समुद्र. गायकवाड मॅडम पुढच्या सीटवर. नवीन साडी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला.

नियमाप्रमाणं गाडीतच सगळ्यांनी लाइफ जॅकेटं घातली. दोन्ही बाजूंना नारळ, मग झाडं विरळ झाली, मग रस्ता संपला. ड्रायव्हर म्हणाला, आलं.

आम्ही उतरलो. सगळे केशरी जॅकेटांत, ओळीत उभे. समोर चिखल.

लांबच लांब, काळा, चमकणारा चिखल. त्यात तिरक्या पडलेल्या होड्या. आणि अगदी शेवटाला, डोळे बारीक केले तर, एक पांढरी रेघ.

"समुद्र कुठाय?" कुणीतरी विचारलं.

पुढं जावं म्हटलं तर ड्रायव्हरनं हातानंच अडवलं, गुडघ्यापर्यंत पाय जाईल म्हणाला. तेवढ्यात सत्यवती मॅडमचा फोन. चिंतावार सर बोलले, ऐकलं, आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "विचारायल्या, आत्ता कशाला गेलात? वेळापत्रक बघितलं न्हाई का?"

देशमुख सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं. दोघांच्याही डोळ्यापुढं प्रिंटरचं टेबल आलं असणार.

जन्मभर पोरांना ओहोटी शिकवलेले एवढे शिक्षक, आणि ओहोटी समोर आली तर एकालाही ओळखू आली नाही. सय्यद सर एरवी असा मोका सोडत नाहीत. जॅकेटावर एक शब्द बोलले नाहीत. वाकून चिखलाकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "ताई, बिळं मात्र लई हायत." बिचारे मोजायलाच लागले.

गायकवाड मॅडमकडं बघायची माझी हिंमत होईना. मंजुरीसाठी ताटकळलेली बाई, आणि आणून उभी केली ती चिखलापुढं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

त्यात त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. रेणापूरहून हेडमास्तरांनी लावला होता, ठरल्याप्रमाणं. पडद्यावर सगळा वर्ग दाटीवाटीनं. मॅडमनी फोन समोर धरला.

"मॅडम, समुद्र कुठाय?" पोरं ओरडली.

"गेलाय," मॅडम म्हणाल्या.

मग राणीचा आवाज आला, स्पष्ट. "परत येतो का?"

मागं ड्रायव्हरनं हॉर्न दिला. देशमुख सरांनी घड्याळ बघितलं. तिकडं शाळेत पोरं नटूनथटून वाट बघत होती, आणि पुढं रेल्वे. सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, निघावं लागंल."

गायकवाड मॅडमनी चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि पदर सावरून वाळूत मांडी घातली. फोन पर्सला टेकवून समुद्राकडं तोंड करून उभा केला, म्हणजे पोरांना दिसावं. मग मान वळवून आम्हा सगळ्यांकडं चष्म्यावरून बघितलं.

"सर, तुम्ही बी बसा. सगळे बसा. पाणी परत आल्याबिगर तास सुटणार न्हाई."